सालदार कशाने टिकतो, सिस्टर कशाने जाते?

(दिग्रस येथील जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी कापसाच्या भावाचा हिशेब तुमच्यासमोर मांडला. तो मी पुन्हा मांडत नाही. मला आज दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांबद्दल बोलायचे आहे. नर्स, आशा, कंपाउंडर, डॉक्टर ही माणसे आपल्या भागात येतात आणि वर्षा-दोन वर्षांत निघून जातात. ती का जातात आणि ती टिकावीत म्हणून आपल्याला काय करता येईल, एवढाच विषय आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतली दोन-चार मंडळी पान खायला उठली आहेत. त्यांनी जरूर जावे, पण मी सुरुवात सालदारापासून करणार आहे, तेवढे ऐकून जावे.

ज्यांच्या घरी अजून सालदार आहे त्यांनी हात वर करा पाहू. वीस-पंचवीस हात दिसतात. माझ्या लहानपणी अर्धा मंडप वर झाला असता. सालदार पाडव्याला ठरतो. पाडव्याला एका घरचा गडी दुसऱ्या घरी जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण प्रत्येक गावात एखादे घर असे असते, की तिथला सालदार दहा-दहा वर्षे हलत नाही. त्याच्या शेजारच्या घरी मात्र दर पाडव्याला नवा चेहरा दिसतो. गाव तेच, जमीन तशीच, सालाचा आकडाही उन्नीस-बीस. मग फरक कशाचा?

तुम्हाला ठाऊक आहे फरक कशाचा. टिकणाऱ्या घरी ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळतात, तीनदा मागावे लागत नाहीत. बैलजोडी धड असते, वखराची पास झिजलेली नसते, म्हणजे दिवसभर राबल्यावर काम झालेले डोळ्यांना दिसते. पोर आजारी पडले तर घरधनी दारात उभा राहतो. पोळ्याला बैलाला झूल येते तेव्हा गड्यालाही नवे कापड येते. आणि चार माणसांत त्याला आई-बहिणीवरून शिवी पडत नाही. ही विद्या मला कृषी पदवीच्या चार वर्षांत कोणी शिकवली नाही. ती आपल्या धुऱ्यावर शिकायला मिळते. माणूस कशाने टिकतो हे शेतकऱ्याला कोणत्याही साहेबापेक्षा चांगले कळते. आज तेच शहाणपण आपल्याला आरोग्य उपकेंद्राला लावून पाहायचे आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राची हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, बाईंचेही नाही. त्यांना त्रास नको. या सिस्टर तिथे कंत्राटावर नऊ वर्षे होत्या. कोणाच्या सुनेचे रक्त कमी आहे, कोणाच्या म्हाताऱ्याला साखर आहे, कोणत्या तांड्यावर लस टोचायला पहाटे गेले तर लोक घरी सापडतात, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. एक दिवस त्या राजीनामा देऊन शहरातल्या खाजगी दवाखान्यात लागल्या. गाव म्हणाले, पैशाच्या मागे गेली. मी त्यांना भेटलो तेव्हा विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, पगाराचं म्हणाल तर इकडं हजार-दोन हजारच जास्त आहेत. पण इकडं औषध संपलं तर मला कोणी शिव्या देत नाही. रात्री मी एकटी नसते. पोराची शाळा जवळ आहे. आणि दरवर्षी, आपला करार पुढं वाढतो की नाही, या धाकात झोपावं लागत नाही."

बाई गेल्या. काही महिने उपकेंद्राला कुलूप होते. मग नवी मुलगी आली. ती हुशार आहे, मनाने चांगली आहे. पण ती दहाच्या एसटीने येते आणि चारच्या एसटीने जाते, कारण उपकेंद्राच्या खोलीचे छत गळते. नऊ वर्षांत गोळा झालेली माहिती कोणत्याही रजिस्टरात नव्हती. ती बाईंबरोबर गेली.

आता कोणी म्हणेल, गेली तर गेली, आपले काय नुकसान? ते नुकसान या जिल्ह्याने पाहिले आहे.

२०१७ चा पावसाळा आठवा. जुलै ते ऑक्टोबर या काळात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती करावे लागले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती, वारा तोंडावर होता. त्या प्रकरणात कंपन्यांचे, कृषी खात्याचे आणि आपले स्वतःचे काय चुकले, यावर अनेक सभांत बोलून झाले आहे. आज त्याची दुसरी बाजू पाहू.

मोनोक्रोटोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषाची बाधा झाली की बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी होतात, तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो, छातीत पाणी भरल्यासारखे होते. त्यावर ॲट्रोपिन देतात. ते एकदा टोचून भागत नाही. छातीतले पाणी सुकेपर्यंत ते थोड्या थोड्या वेळाने, रोगी पाहून द्यावे लागते, आणि नंतरही रात्रभर नजर ठेवावी लागते. कमी पडले तर माणूस गुदमरतो, जास्त झाले तर भ्रम होतो, बडबडतो. शिवाय विष दुसऱ्या गटातले असेल तर ॲट्रोपिनचा उपयोगच नाही, तेव्हा बरोबरच्या माणसाला विचारून डबा कोणता होता हे आधी काढावे लागते. हे काम इमारत करत नाही, यंत्रही करत नाही. असे पन्नास रोगी जिने पाहिले आहेत ती सिस्टर करते. ती टिकली नाही तर पुढच्या हंगामात तोच रोग नव्या माणसापुढे नवा होऊन येतो. दिग्रसहून दारव्ह्यामार्गे यवतमाळ गाठायला किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. त्या वेळात माणूस जगवून ठेवायचा असेल तर जाणता हात यवतमाळच्या अलीकडे, आपल्या जवळ असावा लागतो.

पैशाचाही हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. बाजारात तो मिळतो की नाही हे तुम्ही जाणता. समजा, गावात कोणी नाही म्हणून रात्री गाडी करून शहर गाठले, दोन रात्री खाजगीत काढल्या आणि सगळे मिळून सोळा हजार गेले. म्हणजे हमीभाव पुरता मिळाला तरी दोन क्विंटल कापूस गेला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर जवळपास अर्ध्या एकराचे पीक दोन रात्रींत संपले. त्यात खत, बियाणे, वेचाई यांचा खर्च अजून वजा केलेलाच नाही. मग सावकार. म्हणून म्हणतो, उपकेंद्राला लागलेले कुलूप हा आपल्या उत्पादनखर्चाचाच भाग आहे. कोणत्याही आयोगाने तो धरलेला नाही, एवढेच.

आता आक्षेप. तो पहिल्या रांगेतल्या एका भाऊंच्या चेहऱ्यावर मला मघापासून दिसतो आहे. आपली चळवळ आयुष्यभर म्हणत आली की सरकारी नोकरांचे वेतन आयोग शेतकऱ्याच्या लुटीवर पोसले जातात. मग आज त्यांची वकिली कशाला?

आक्षेप रास्त आहे. म्हणून तिथे नेमके कोण काम करते ते पाहू. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात तीन हजार आणि वीस हजार, असे प्रमाण ठरलेले आहे. या केंद्रांत तीन प्रकारची माणसे भेटतात. पहिला प्रकार कायम नोकरीचा. त्यांना वेतन आयोग लागू होतो. दुसरा प्रकार कंत्राटी. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून नर्स, औषध देणारे, तपासणी करणारे असे कितीतरी जण कराराने भरले गेले. काम कायमच्या माणसाइतकेच, पगार कमी आणि मुदत कराराची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते संपावर गेले. १४ मार्च २०२४ रोजी शासनाने दहा वर्षे पूर्ण झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय काढला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. शासनाने काढलेला निर्णय शासनाने पाळावा यासाठी संप! कापूस खरेदी केंद्राच्या दारात गाड्या घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नवे नाही.

तिसरा प्रकार आशाचा. तिला तर कर्मचारी म्हणतच नाहीत. ती 'स्वयंसेविका'. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. दवाखान्यात नेलेल्या बाळंतपणाचे इतके, लसीकरणाचे इतके, घरी जाऊन तान्ह्या बाळाला तपासण्याच्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून अडीचशे. ही आशा कोण? नियमाप्रमाणे ती त्याच गावची रहिवासी असावी लागते. म्हणजे ती आपल्याच घरची सून आहे. सकाळी निंदायला जाते, दुपारी वजनकाटा घेऊन घरोघर फिरते. तेव्हा भाऊ, ही वकिली परक्याची नाही. या मंडपात डाव्या बाजूला बसलेल्यांत किमान पाच-सात आशा मला ओळखू येतात.

महाराष्ट्रात अशा सुमारे सत्तर हजार बाया आहेत. कोरोनाच्या काळात त्या घरोघर ताप मोजत फिरल्या, त्याबद्दल केंद्राकडून त्यांना महिन्याला एक हजार रुपये मिळाले, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये त्यांनी संप केला, थोडी वाढ मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, फुलांचे फोटो छापून आले. २०२३ साली सात हजारांच्या वाढीचे आश्वासन मिळाले. आदेश निघेना म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप झाला, बाया मुंबईच्या आझाद मैदानावर थंडीत झोपल्या, तेव्हा मार्चमध्ये पाच हजारांची वाढ झाली. सातचे पाच कसे झाले हे ज्याने कधी बाजार समितीत कापूस विकला आहे त्याला समजावून सांगायला नको.

या सगळ्यात एका शब्दाकडे लक्ष द्या. तो शब्द आहे 'सेवा'. शेतकऱ्याने भाव मागितला की त्याला सांगतात, तू अन्नदाता, जगाचा पोशिंदा, तू पैशाचे काय बोलतोस? नर्सने पगार मागितला की सांगतात, तू देवदूत, तुझे व्रत सेवेचे. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका लाखांच्या संख्येने जमल्या, तेव्हाही हाच मुद्दा होता, की घरातले आणि शेतातले बाईचे काम माया म्हणून फुकट धरले जाते. ज्याला दाम द्यायचे नसते त्याला मोठे नाव द्यायचे, ही रीत जुनी आहे. अन्नदात्याला आरती आणि देवदूताला टाळ्या. २०२० साली आपण ताटे वाजवली. ताटे वाजवायला पैसे पडत नाहीत.

आपली चळवळ पहिल्यापासून घामाचे दाम मागते. घाम कोणाचा, हे पाहून तत्त्व बदलत नसते. ज्या बाबूला कामाशिवाय पगार मिळतो त्याच्या विरुद्ध आपण कालही होतो, आजही आहोत. पण जिला पगाराशिवाय काम करावे लागते ती आपल्या बाजूची आहे.

आता दुसरी बाजू. नुसते पैसे वाढवले म्हणजे माणूस टिकेल का? नाही. इथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट सांगू द्या. एकोणिसाव्या शतकात लिबिग नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. पिकाच्या वाढीबद्दल एक नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. पिकाची वाढ जे द्रव्य सर्वांत कमी आहे त्यावर ठरते. जमिनीत जस्त नसेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. लाकडी पिंपाची एक फळी तोकडी असेल तर पाणी तिथूनच सांडणार, बाकीच्या फळ्या कितीही उंच करा.

माणूस टिकवण्याचेही तसेच आहे. मला पाच फळ्या दिसतात. पहिली, पुरेसे दाम, ठरल्या दिवशी. दुसरी, कामाची साधने. साप चावलेला माणूस समोर आहे आणि लस संपली आहे, अशा वेळी सिस्टरला जी शरम वाटते ती पगाराने भरून येत नाही. तिसरी, राहायला धड खोली, पोरांना शाळा, रात्री सोबत. चौथी, पुढे शिकण्याची वाट. पाचवी, मान आणि जिवाची सुरक्षा. शासन सगळा भर एकाच फळीवर देते, आणि तीही अर्धी. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने एक वर्ष शासकीय सेवा करावी, नाही तर दहा लाख भरावेत, असा बंधपत्राचा नियम आहे. त्याने एक वर्ष हात मिळतो. पण बांधून आणलेला बैल दावणीकडे पाहत उभा राहतो, तसा तो डॉक्टर दिवस मोजतो. वर्ष संपले की गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली याच प्रश्नावर शिफारशी काढल्या आणि २०२१ साली त्या सुधारल्या. त्यांचेही सांगणे हेच, की ग्रामीण भागातलीच मुले निवडा, त्यांचे शिक्षण ग्रामीण भागाजवळ करा, राहण्याची सोय आणि सुरक्षितता द्या, वरिष्ठांचा आधार द्या, आणि हे सगळे एकत्र करा. एकेकटा उपाय पुरत नाही.

आपल्या विदर्भातच याचा दाखला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तिथे त्यांनी गावातल्याच, फार न शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना वजन करणे, श्वास कोंडलेल्या बाळाला पिशवीने श्वास देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. शिकवून सोडून दिले नाही. पुन्हा पुन्हा तपासले, साधने दिली. ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशा जी घरभेट देते तिचे मूळ तिथे आहे. मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्या बाईला आपल्या कामाचे फळ आपल्याच गल्लीत चालताना-खेळताना दिसत होते. जे मूल निळे पडले होते ते पुढच्या वर्षी अंगणात रांगते आहे. कामातले समाधान म्हणतात ते हेच. पेरलेले उगवले की आपल्याला जे वाटते, तेच. आपण त्यातले शिकवणे घेतले, फेऱ्या घेतल्या. साधने, आधार आणि मान मात्र तिथेच ठेवून आलो.

दुसरा दाखला मेळघाटातला. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले, नाममात्र फी घेऊन रोगी तपासले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांपुढे हात जोडावेत. पण पुढारी भाषणात त्यांचे नाव घेऊन बाकीच्या डॉक्टरांना म्हणतात, बघा, असे राहायला शिका, तेव्हा मला राग येतो. गावातल्या एका शेतकऱ्याने विक्रमी पीक काढले म्हणून बाकीच्यांना आळशी ठरवतात, त्यातलाच हा प्रकार. संत शंभर वर्षांत दोन होतात. उपकेंद्रे हजारोंनी आहेत. ती साध्या माणसांनी, साध्या सोयीत, सुखाने चालवावीत अशी व्यवस्था पाहिजे.

आणि आता जे बोलणार आहे ते आपल्यालाच लागणार आहे. पाचवी फळी, मान आणि सुरक्षा, ही शासनाच्या हातात थोडी आणि आपल्या हातात जास्त आहे. डॉक्टरवर हात उचलणारा परदेशातून येत नाही. दारू पिऊन रात्री दोनला उपकेंद्राचे दार बडवणारा आपल्याच गावचा असतो. खोटे प्रमाणपत्र मागणारा, नाही म्हटले की बदलीची धमकी देणारा पुढारी आपल्याच पंगतीला बसतो. औषध वरून आले नाही, शिवी मात्र खालच्या बाईला. महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला: वैद्यकीय कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा करावा लागला ही आपल्याला शोभा देणारी गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, चुका त्यांच्याही होतात. होतात. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. ती चूक लहान नव्हती, कारवाई झाली, व्हायलाच हवी होती. पण कारवाई करून थांबू नये. त्या टेबलावर कोण बसले होते, किती शिकवले होते, त्या महिन्यात आणखी किती कामे माथी होती, हे प्रत्येक अशा वेळी विचारले पाहिजे. पीक बुडाले तर आपण नुसते बियाण्याला दोष देऊन मोकळे होत नाही. पाऊस, जमीन, पेरणीची वेळ, सगळे पाहतो.

मग करायचे काय? मी मेळाव्यापुढे पाच गोष्टी ठेवतो. पटल्या तर ठराव म्हणून घ्या, नाही पटल्या तर इथेच खोडून काढा.

पहिली. आशांचा मोबदला आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचा पगार दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मिळावा, कोणत्या कामाचे किती याची लेखी चिठ्ठी मिळावी. वाढ किती हा त्यांचा लढा आहे. पण ठरलेले वेळेवर मिळावे यासाठी आपण त्यांच्याबरोबर तहसीलवर जाऊ.

दुसरी. 'पद भरले' हे उत्तर आपण यापुढे घेणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे. दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा: या पदावर गेल्या तीन वर्षांत किती माणसे आली, किती गेली आणि पद किती दिवस रिकामे होते? सातबाऱ्यावर जमीन असणे आणि ती वहितीत असणे यात फरक आहे, तोच इथे आहे.

तिसरी. गावच्या हातातली कामे गावाने करावी. गळणारे छत, बंद नळ, रस्त्यावरचा दिवा, दाराची कडी यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या. गाव आरोग्य समितीला अबंधित निधी मिळतो, रुग्ण कल्याण समितीलाही मिळतो. तो कशावर खर्च झाला ते वाचून दाखवायला सांगा. रात्रीच्या बाळंतपणाला आशा निघाली तर तिच्याबरोबर एक माणूस आणि एक वाहन गावाचे असेल, एवढे जरी ठरवले तरी एक फळी वर येईल.

चौथी. आपल्या संघटनेचा बिल्ला लावणारा माणूस दवाखान्यात शिवी देणार नाही आणि हात उचलणार नाही. तक्रार असेल तर लिहून, वरच्या अधिकाऱ्याकडे. जो हे मोडेल त्याचा बिल्ला काढून घ्यावा.

पाचवी. जो कर्मचारी सोडून जातो त्याला गावाने विचारावे, का जातोस? एवढा साधा प्रश्न. मी ज्या सिस्टरची हकिगत सांगितली, त्यांना नऊ वर्षांनंतर जाताना साहेबांनी विचारले नाही, सरपंचांनी विचारले नाही. त्यांनी मला सांगितले, "कुणी थांबा म्हटलं असतं, तर कदाचित आणखी एक वर्ष काढलं असतं."

भावांनो, सालदार जायला निघाला तर आपण काय करतो? पाडव्याच्या आधी त्याच्या घरी जातो, ओट्यावर बसतो, विचारतो, बाबा काय कमी पडले? कधी चार पोती ज्वारी जास्त कबूल करतो, कधी नुसती चूक कबूल करतो. तेवढ्याने दहातले सहा थांबतात. ही रीत आपल्याला येते. येत्या पाडव्याच्या आत प्रत्येक गावातल्या चार कार्यकर्त्यांनी आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे आणि आशाकडे जावे, बसावे आणि हाच प्रश्न विचारावा. ती निघून गेल्यावर नव्हे, ती अजून आहे तोवर विचारावा. जे उत्तर मिळेल ते लिहून पुढच्या जिल्हा बैठकीत घेऊन यावे. बाकीचे आपण तिथे ठरवू.